वासू मास्तरांची मूकपटातली आई

वासू मास्तरांसमोर बोलताना अडखळायची सोय नव्हती. "काल मी पेडण्याच्या बाजारात गेले, आणि तिथं मला..." एवढं म्हणून तुम्ही श्वास घ्यायला थांबलात, की पुढचा शब्द हजर. "भेटली." कोण भेटली ते त्यांना ठाऊक नसायचं, पण अर्धवट वाक्य त्यांना सोसायचंच नाही. मान वळवायचे नाहीत, समोर बघतच असायचे, आणि शब्द मात्र नेमका तुमच्या कानात येऊन पडायचा. मला याचा भयंकर राग यायचा. मुळात मला राग लवकर येतो, हे आमच्या शाळेतल्या भिंतींनासुद्धा ठाऊक आहे. एकदा मी तडकून म्हटलं, "मास्तर, माझं वाक्य मला पुरं करू द्या ना!" तर म्हणाले, "कर की. पण थांबतेस कशाला?"

मी त्यांच्या शाळेत नोकरीला लागले तेव्हा बाविशीची होते आणि ते निवृत्तीकडे झुकलेले. मोप्याच्या सड्याच्या, म्हणजे पठाराच्या, पायथ्याचं आमचं गाव, तिथली मराठी शाळा, दोन वर्गांत मिळून चार इयत्ता. मास्तर तिथं दिवसा शिकवायचे आणि देवळातल्या जत्रेच्या नाटकाला प्रॉम्प्टर म्हणून बसायचे. चाळीस-पन्नास वर्षं एकच स्टूल, पडद्याच्या डाव्या बाजूला. गावातल्या तीन पिढ्यांनी त्यांच्या तोंडून शब्द घेऊन टाळ्या मिळवल्या आणि टाळ्या मिळाल्यावर त्यांना विसरल्या. त्यांना त्याचं काही नव्हतं. "चुकलं तरी चालेल, थांबायचं नाही," हे एकच तत्त्व त्यांनी नटांना शिकवलं आणि पोरांनाही. पाढे म्हणताना पोर अडलं, की ते छडी उचलायचे नाहीत, आकडा सांगायचे. त्यामुळे आमच्या शाळेतल्या पोरांचे पाढे कच्चे राहिले ते राहिलेच!

एकदा देवळात लघुरुद्राला बाहेरगावचे नवे भटजी आले होते. मध्येच त्यांची गाडी अडली. सगळे हात जोडून बसलेले, भटजींच्या कपाळावर घाम. तेवढ्यात मागच्या रांगेतून पुढची ओळ आली. भटजींनी ती उचलली आणि सुटले. नंतर प्रसादाच्या वेळी त्यांनी विचारलं, "मघाशी कोण ते वैदिक?" सगळ्यांनी मास्तरांकडे बोट दाखवलं. मास्तर लाजले. म्हणाले, "मला अर्थ नाही हो ठाऊक. दरवर्षी ऐकतो, पुढचं काय ते माहीत आहे, एवढंच."

शाळेत आणि तालमीत ते अगदी छापील मराठी बोलायचे. मात्र राग आला, हसू आलं किंवा आतून काही हललं, की एकदम पेडण्याची बोली तोंडात यायची. त्यामुळे त्यांच्या भाषेवरून मला त्यांचं मन कळायचं.

आता मुद्द्याचं सांगते. 'संगीत दैवकंकण' नावाचं एक जुनंपुराणं नाटक आहे. राजाला राणीचा संशय येतो, तिचं तान्हं पोर काढून घेतात, तिला रानात सोडतात. तिसऱ्या अंकात तोच मुलगा मोठा होऊन वाटसरू म्हणून तिच्या झोपडीच्या दाराशी येतो. ती त्याला ओळखते आणि सांगत नाही. पदं पंचवीस. आमच्या गावात हे नाटक दर तीन वर्षांनी व्हायचं, कारण मास्तर दुसरं होऊ द्यायचे नाहीत. एरवी गरीब माणूस, पण या एका बाबतीत खांब रोवल्यासारखा.

एका वर्षी उत्सव समितीच्या बैठकीत बाबलला राहवलं नाही. बाबल म्हणजे आमच्या समितीचा अध्यक्ष, हरमलला त्याच्या टुरिस्टांच्या खोल्या आहेत, त्यामुळे लोकांना काय आवडतं ते आपल्याला कळतं असं त्याला वाटतं. तो म्हणाला, "मास्तर, दर फावटीं तेंच नाटक. लोक न्हिदतात हो! औंदा जरा विनोदी घेवया."

"झोपू देत," मास्तर म्हणाले. "झोपलेल्यांना ते पाठ आहे."

"पूण ह्या नाटकांत असें आसा तरी कितें?"

मास्तरांनी मांडीवरची वही सरळ केली. मग म्हणाले, "या नाटकाचा सिनेमा झाला होता. मूकपट. त्यात राणीचं काम माझ्या आईनं केलं होतं."

कुणीतरी फस्सकन हसलं. "संगीत नाटकाचो मूकपट? आनी पदां खंय गेलीं?"

"पदं होती. ऐकू यायची नाहीत."

मग सगळेच हसले. खोटं कशाला सांगू, मीही हसले. पंचवीस पदांचं नाटक आणि आवाज नाही, म्हणजे मीठ वगळून केलेली कढी! मास्तरांनी आपली वही मिटली, पिशवीत टाकली आणि उठून गेले. मग मला स्वतःची लाज वाटली. मी त्यांच्या मागून धावले, आणि देवळापासून त्यांच्या घरापर्यंतच्या उतारावर त्यांनी मला जे सांगितलं, ते तोवर गावात कुणालाही ठाऊक नव्हतं.

त्यांची आई शेवंता, डिचोलीकडची. गळा असा की देवळात गायला उभी राहिली तर बाहेर बैलगाड्या थांबायच्या. हे त्यांनी ऐकलेलं, पाहिलेलं नव्हे. तिचं गाणं ऐकून एका कंपनीनं तिला कोल्हापूरला नेलं, नाटकात. पुढं त्याच नाटकाचा पट काढायचं ठरलं. "गाते म्हणून नेली," मास्तर म्हणाले, "आणि नेऊन तिला मुकी केली." पटात ती तोंड उघडून गायची, मग पडदाभर एक पाटी यायची, तिच्यावर पदाच्या दोन ओळी. लोक त्या ओळी वाचायचे. खाली बसलेला पेटीवाला सूर धरायचा. तो पेटीवालाच पुढं मास्तरांचा बाप झाला. दोघं पेडण्याला येऊन राहिली. मास्तर अडीच वर्षांचे असताना ती तापानं गेली.

"फोटो?" मी विचारलं.

"नाही. एक होता म्हणे, वडिलांनी तो तिच्याबरोबर चितेवर ठेवला. दुःखात माणूस काय करेल सांगता येत नाही. आणि वडिलांच्या घरच्यांना ती नाटकवाली कधीच नको होती. तिच्या माहेरचं कुणी उरलं नाही असं मला सांगितलं, नि मी ते खरं मानलं." मग थांबले. मी त्यांना थांबलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एकदम बोलीत म्हणाले, "सुलभा, माका तिचें तोंड याद ना गो. कांयच याद ना. नाक ना, दोळे ना. त्या पटांत ती आसा. एकूच जागो."

जगात आपल्या आईचा चेहरा एकाच ठिकाणी आहे, आणि ते ठिकाण सापडत नाही. त्या माणसानं आयुष्यभर दुसरं काही मागितलं नाही. बाकी सगळं, बढती, पेन्शन, शाल-श्रीफळ, आलं तर घेतलं, नाही आलं तर राहिलं.

मग त्यांनी मला पत्रांचा गठ्ठा दाखवला. पुण्याला, कोल्हापूरला, मुंबईला लिहिलेली पत्रं, त्यांच्या नकला कार्बन लावून काढलेल्या. उत्तरं थोडी. सगळ्यांचा अर्थ एकच, सदर पट उपलब्ध नाही. कोल्हापूरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं तेवढं मनापासून लिहिलं होतं, की त्या काळच्या फिती झिजल्या की चांदी काढण्यासाठी उकळत, काही गोदामात जळाल्या, काही नुसत्याच कुजल्या, तेव्हा आपण आशा सोडावी. मास्तरांनी त्याला आभाराचं पत्र लिहिलं आणि पुढच्याच आठवड्यात दुसरीकडे चौकशी केली. आशा सोडणं हे त्यांना जमणारं काम नव्हतं. शाळेतल्या मठ्ठ पोराला सुद्धा ते वर्षानुवर्षं पुढच्या बाकावर बसवायचे.

एका हिवाळ्यात हरमलला राहणारा कुणी गोरा त्यांना भेटला. बाबलच्या खोलीवरचाच. त्यानं सांगितलं, म्हणे, की हरवलेले पट कधीकधी भलत्याच देशात कुणाच्या तळघरात सापडतात, मी माझ्या देशात गेलो की विचारीन. वहीत पटाचं नाव लिहून घेतलं. झालं! तेव्हापासून दर नोव्हेंबरात मास्तर बसनं हरमलला जायचे आणि किनाऱ्यावरच्या झोपड्याझोपड्यांतून त्या माणसाची चौकशी करायचे. धोतर, कोट, काखेत छत्री. आजूबाजूला अर्ध्या चड्डीतली माणसं उन्हात पडलेली. एका वर्षी मी सोबत होते. मी म्हटलं, "मास्तर, तो काय येतो! दिवसभर चिलीम ओढत बसणारा माणूस." त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. "नाव त्यानं नीट लिहून घेतलं होतं," म्हणाले. "मी शुद्धलेखन तपासलं."

तो माणूस परत आला नाही. वर्षं गेली. मास्तर निवृत्त झाले, बायको गेली, मुलगी लग्न होऊन सावंतवाडीला. सड्यावर विमानतळ झाला आणि तालमीच्या ऐन पदात डोक्यावरून विमान जाऊ लागलं. मास्तर चौऱ्याऐंशीचे झाले तरी स्टुलावर बसतच होते. मी त्यांची वही धरायला शेजारी बसायचे, कारण हात कापायचा. वहीची गरज नव्हती खरं तर, ती नुसती सवय.

गेल्याच्या गेल्या वर्षी पुन्हा 'दैवकंकण' लागलं. सेनापतीच्या कामाला सुनील नावाचा एक ट्रक ड्रायव्हर घेतला होता. मूळचा कुडाळकडचा, खाणीच्या ट्रकवर कामाला, डिचोलीजवळ एका घरात भाड्यानं राहायचा. आवाज दणदणीत, पाठांतर शून्य. एका दुपारी तालीम संपल्यावर देवळाच्या पायरीवर चहा पिता पिता तो सहज म्हणाला, "मास्तरानू, तुमी त्या दिवशी सिनेमाचा सांगत होतात ना? माजी घरमालकीण एक गोल डबो पूजता. पत्र्याचो. म्हणता, आमची म्हालगडी सिनेमात होती, ती ह्या डब्यात आसा."

मास्तरांनी कप पायरीवर ठेवला.

"नाव?" त्यांनी विचारलं. "त्या म्हालगडीचं, त्यांच्या पूर्वज बाईचं नाव?"

"शेवंता काय कायतरी."

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही सुनीलनं ठरवून दिलेल्या रिक्षानं निघालो. मास्तरांची दाढी गुळगुळीत, कोटाला इस्त्री, खिशात भिंग. वाटेत स्वतःशी म्हणाले, "डबा एक म्हणजे पट हजार फूट. दहाएक मिनिटं." दहा मिनिटं आई बघायला मिळणार, असा त्यांचा हिशेब.

घर खाणीच्या वाटेवर. लाल धुळीनं झाडंसुद्धा तांबडी झालेली. ओसरीवर एक फार म्हातारी बाई बसली होती, तिला सगळे बायामाय म्हणत. ती मास्तरांच्या सख्ख्या मावशीची मुलगी निघाली, म्हणजे मावसबहीण! वीस मैलांवर! तिला सांगितलं होतं की शेवंताचं पोर तापात आईबरोबरच गेलं. यांना सांगितलं होतं की माहेर संपलं. दोन्ही घरांनी एकमेकांना ऐंशी वर्षं मारून ठेवलं होतं. मला इतका संताप आला की काय सांगू, पण ज्यांच्यावर करायचा ती सगळी केव्हाच मेलेली.

मास्तर तिच्यापुढं जमिनीवर बसले. "तू तिला पाहिलं होतंस?"

"पळयल्या तर! पांच वर्सांचें आशिल्लें हांव."

"कशी होती?"

म्हातारीनं खूप वेळ आठवलं. "हात थंड आशिल्ले," ती म्हणाली. "माज्या कपलार हात दवरताली, थंड. आनी काकणां. हिरवीं."

"तोंड?"

"तोंड..." म्हातारी अडली. मास्तर पुढं झुकले. सगळ्या जगाला शब्द पुरवणारा माणूस, पण इथं त्यांच्याकडे देण्यासारखं काही नव्हतं. म्हातारीनं मान हलवली. "ना रे पुता. तोंड गेलें."

"माझ्यासारखं?" मास्तरांनी हळूच विचारलं. आरशात बघून ते तसं धरून चालले होते, हे मला तेव्हा कळलं.

म्हातारीनं त्यांची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. नीट बघितलं. "ना," म्हणाली. "तूं पेटीवाल्याचो. अख्खो बापूय."

तेवढ्यात तिची सून शालन आतून डबा घेऊन आली. पाटावर ठेवलेला, वर शेवंतीचं फूल. इतक्या वर्षांचं हळदकुंकू चढून पत्रा दिसतच नव्हता. शालन उत्साहानं सांगत होती, तिच्या तोंडावर कौतुक मावत नव्हतं. कंपनी मोडली तेव्हा शेवंतानं आपलं काम असलेला हा एक डबा मागून आणला आणि बहिणीकडे ठेवला. ती गेल्यावर घरात तिचा फोटो नाही, मग पितृपक्षातल्या म्हाळाला पुढं ठेवणार काय? तर हा डबा. ती यात आहे ना! सासूच्या आईनं केलं, सासूनं केलं, आता शालन करते.

"दर म्हाळाक धांपणें काडून तिका न्हाणयतांव," शालन म्हणाली. "पयलीं दूद, मागीर ऊन उदक. मागीर पुसून खोबरेल लायतांव, जंग लागू नये म्हूण. एक वर्स चुकोवंक ना. कोविडांतय ना!"

मी मास्तरांकडे बघितलं. त्यांना कळलं होतं. त्यांचा चेहरा एकदम लहान झाला.

झाकण काढलं. आंबट वास आला, आणि आत पावसात भिजलेल्या गुळाच्या ढेपेसारखा एक तपकिरी गोळा. फीत नावाला नाही. थर थरात विरघळून गेलेला. ऐंशी वर्षं त्या घरातल्या बायकांनी तिला भक्तीनं आंघोळ घातली होती. कचऱ्यात टाकली असती, माळ्यावर विसरली असती, तर कदाचित काही वाचलं असतं. कुणी दुष्टपणा केला नव्हता, कुणी हेळसांडही केली नव्हती. ज्यांनी तिच्यावर माया केली, त्यांच्याच हातून ती गेली.

माझ्या तोंडात शब्द आलाच होता. मी शालनला म्हणणार होते, अगो बये, काय करून बसलात! तेवढ्यात कानात मास्तरांचा आवाज आला, "गप्प बस." आणि त्यांनी शालनला हात जोडले. म्हणाले, "तुमी बरें पळयलें तिका. हांव पूत आसून माज्यान जावंक ना." शालन बिचारी फुलून गेली. तिला आजतागायत कुणी खरं सांगितलेलं नाही. मीही सांगणार नाही.

डबा न्यायचं निघाल्यावर तिचे डोळे भरले, पण बायामायनं ओसरीवरून सांगितलं, "पूत आयला न्हय? व्हरूं दी." मग शालननं डब्याची ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ, वर कुंकू. माहेरवाशीण सासरी जावी तशी शेवंता आमच्या रिक्षात बसली. मास्तरांनी ती मांडीवर घेतली आणि पेडण्यापर्यंत दोन्ही हातांनी धरून ठेवली. मी रडत होते, ते रडत नव्हते.

पणजीत माझ्या ओळखीचे एक जुने छायाचित्रकार आहेत. त्यांनी गोळा बघितला आणि मान हलवली. तरी मास्तरांच्या वयाकडे बघून म्हणाले, अगदी गाभ्यात काही असेल तर बघतो. दोन दिवस पात्यानं खरवडत बसले. बोटभर तुकडा निघाला. चार चौकटी. त्यांनी तो काचेच्या दोन पट्ट्यांत धरून खिडकीशी नेला आणि मास्तरांना बोलावलं. मास्तरांनी भिंग काढलं. मी त्यांचं मनगट धरून ठेवलं.

चारही चौकटींत अक्षरं होती. बाई नव्हती, पाटी होती. काळ्यावर पांढरी अक्षरं, जुन्या वळणाची. मास्तरांनी मोठ्यानं वाचलं, "कोण आहे बाहेर?"

तिसऱ्या अंकातलं राणीचं वाक्य. झोपडीच्या दारावर थाप पडते, ती आतून विचारते. या पाटीनंतर दार उघडतं आणि तिचं तोंड दिसतं.

मास्तर काचेकडे बघत उभे होते. मग त्यांनी पुढचं वाक्य म्हटलं, मुलाचं. नाटकात जसं आहे तसंच, "वाटसरू आहे, माई. तहान लागली आहे." छायाचित्रकार कावरेबावरे झाले. त्यांना वाटलं म्हातारा पाणी मागतोय. त्यांनी खरंच तांब्या आणून दिला, आणि मास्तर ते पाणी प्यायले.

त्यानंतर ते पूर्वीचे राहिले नाहीत. डबा त्यांनी घासूनपुसून सुनीलच्या हाती शालनकडे परत पाठवला, म्हाळाला तिची पंचाईत नको म्हणून. पत्रांचा गठ्ठा मला दिला, ठेव म्हणाले, किंवा टाक. जत्रेच्या नाटकाला स्टुलावर बसले, पण सुनील सेनापती पहिल्याच प्रवेशात अडला तेव्हा वहीवर नजर ठेवून नुसते बसून राहिले. मीच ओरडून वाक्य सांगितलं. बाबल नंतर माझ्याकडे येऊन चुळबुळत म्हणाला, "सुलभाबाय, मास्तरांक आतां पुरो न्हय?" त्याला मी एरवी फाडून खाल्लं असतं. पण तोही रडवेला झाला होता.

मी रोज जायचे. मुद्दाम अर्धी वाक्यं बोलून थांबायचे. काही येत नसे. पाववाला पोदेर आणून ठेवायचा ते उंडे तसेच कडक होऊन पडायचे. मुलगी सावंतवाडीहून येऊन राहिली, डॉक्टर झाले, टॉनिक झालं. एकदा मी धीर करून म्हटलं, "मास्तर, इतकी वर्षं नव्हतंच ना काही? मग आता काय गेलं?" ते म्हणाले, "तेव्हा ती कुठंतरी होती." मी भांडी आवरली आणि घरी आले.

शेवटचं भेटले ती सकाळ होती. दहा वाजले असतील. मुलगी परसात कपडे वाळत घालत होती. मास्तर खाटेवर, जनेलातून बाहेर बघत. मला बघून म्हणाले, "बस." मग बोलीत विचारलं, "सुलभा, तुजी आवय कशी दिसताली?"

माझी आई दोन वर्षांपूर्वी गेली. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, ती असायची माझ्या भावाकडे मुरगावला. मी पटकन मोबाइल काढला. "थांबा, फोटो आहे ना, हा बघा..."

त्यांनी हात आडवा धरला. "फोटो नाका. फोटो पळयलो जाल्यार ती तुजी आवय जातली. तूं सांग."

मला कळायला एक क्षण लागला. मी मोबाइल पालथा ठेवला आणि सांगायला लागले. कपाळ रुंद. डाव्या भुवईत बारीक खूण, अडाळीवर, म्हणजे विळीवर, पडली होती लहानपणी. नाक जरा बसकं. हसली की डोळे मिटायचे, आणि पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला म्हणून हसताना पदर तोंडाला. कानाची पाळी ओघळलेली. दमली की मान उजवीकडे कलायची. ते डोळे मिटून ऐकत होते, मध्येच विचारत होते. "केस?" "कुरळे, मास्तर. तेल लावलं तरी कानाशी सुटायचे." "रंग?" "सावळा." "हनुवटीर?" "एक तीळ." माझ्या आईबद्दल मी तिच्या तेराव्यालासुद्धा इतकं बोलले नव्हते. आपण एकेक करून तिचा चेहरा त्यांच्या आईला देऊन टाकतोय हे मला कळत होतं, पण हात आखडता घ्यावा असं वाटलं नाही. माझ्याकडे तिची पन्नास वर्षं होती.

सांगायचं संपलं. परसात दोरीवर कपडे झटकल्याचा आवाज येत होता. मास्तरांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी येऊन उशीवर गेलं. मग म्हणाले, "ती माका वळखतली मगो?"

मी कधी त्यांच्यापाशी खोटं बोलले नव्हते. भांडले होते, ओरडले होते, हसलेही होते, पण खोटं नाही.

"वळखतली," मी म्हटलं.

"बरें," ते म्हणाले, आणि तोंड भिंतीकडे वळवलं. चार दिवसांनी गेले.